दारू सोडायच्या मीटिंगला पहिल्यांदा जाताना: गेटवरून परत फिरू नये म्हणून

आमच्या ग्रुपमध्ये नवा माणूस जरा रुळला की चहाच्या वेळी कुणीतरी त्याला विचारतंच, "पत्ता कधीपासून होता तुझ्याकडे?" कुणी सांगतो आठ महिने, कुणी दोन वर्षं. एकाने कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घेतलेला पत्ता पाकिटात इतके दिवस वागवला होता की घडीवरचे आकडे पुसले गेले होते.

माझं सांगायचं तर पहिल्या खेपेला मी मीटिंगच्या शाळेच्या फाटकापर्यंत पोचलो होतो. समोरचे वर्ग अंधारात, वॉचमन डबा उघडून बसलेला. त्याला विचारायची लाज वाटली. उलट्या पावली निघालो आणि स्टेशन गाठायच्या आत प्यायलो. दुसरी खेप व्हायला अकरा महिने गेले. तेव्हा कळलं की त्या दिवशीही मीटिंग होती. मागच्या जिन्याने, दुसऱ्या मजल्यावर.

पिणाऱ्याची इच्छाशक्ती कमी पडते असं सगळे म्हणतात. मी जे बघतो त्यात निम्म्या लोकांचा घोळ पत्ता, वेळ, भूक आणि लाज या चार गोष्टींत होतो, आणि या चारही गोष्टींची तयारी आदल्या दिवशी करता येते. खाली मुख्यतः अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच चालवलेल्या ए.ए.च्या मीटिंगबद्दल लिहिलं आहे, कारण मुंबईत सहज सापडणाऱ्या आणि फुकट असणाऱ्या मीटिंगा त्याच. टप्प्यांचा क्रम बदलू नका, विशेषतः पहिला टप्पा गाळू नका.

## १. आधी शरीर

एक साधी परीक्षा. सकाळी ब्रश धरताना किंवा चहाचा कप उचलताना हात थरथरतो का? थोडी पोटात गेली की थरथर थांबते का? दोन्हीचं उत्तर "हो" असेल तर घरच्या घरी एका झटक्यात दारू बंद करू नका. आधी डॉक्टर.

रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं की साधारण ६ ते २४ तासांत घाम, थरथर, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. त्यानंतर, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास, काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, खोलीत नसलेल्या माणसाशी बोलणं चालतं, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. हे जिवावर बेततं. आता नेहमीचा बेत आठवून बघा: "रविवारी रात्री शेवटची, सोमवारपासून बंद, बुधवारी मीटिंगला जाऊ." म्हणजे माणूस नेमका धोक्याच्या दिवशी गर्दीच्या लोकलमध्ये चढणार.

केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी असते. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि दारूसाठी आलोय असं खिडकीवरच सांगा, नाहीतर जनरल मेडिसिनच्या रांगेत अर्धा दिवस जातो. ओळखीचा फॅमिली डॉक्टर असेल तर त्याच्यापासून सुरुवात केली तरी चालेल. आकडा मात्र खरा सांगा. आपल्याकडे डॉक्टरसमोर प्रत्येक जण "कधीकधी" पितो. क्वार्टर म्हणजे १८० मिली. रोज दोन होत असतील तर दोन सांगा, देशी असेल तर देशी सांगा. औषधाचं प्रमाण त्यावर ठरतं.

औषधं चालू असताना मीटिंगला जाता येतं. "आधी कोर्स पूर्ण करतो, मग बघू" असं म्हणणाऱ्यांना गोळ्या संपल्यावर बरं वाटतं आणि ते मीटिंगचं नाव काढत नाहीत.

सावध: मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणून स्वतःचा उपचार करू नका. फिट किंवा भ्रम दिसला तर वाट न बघता १०८ वर फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा.

## २. कुठली मीटिंग?

"मी बेवडा आहे की नाही, हे आधी ठरवतो" म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात. पुराव्यादाखल श्रावण पुढे येतो: गटारीनंतर महिनाभर शिवत नाही, मग मी कसला बेवडा? कुणी गळ्यात माळ घालून सहा महिने काढलेले असतात. ए.ए.च्या परंपरांमध्ये सदस्यत्वाची अट एकच आहे, पिणं थांबवायची इच्छा. बाकी कसलाही दाखला लागत नाही. श्रावण पाळणारे आमच्यात भरपूर आहेत.

ठरवायचं ते एवढंच.

ओपन मीटिंग कुणासाठीही खुली असते: बायको, भाऊ, मित्र, नुसतं ऐकायला आलेला. क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी. सोबत कुणाला नेणार असाल तर ओपनच शोधा, नाहीतर दारात "तुम्ही बाहेर थांबा" असं ऐकून दोघेही घरी जाल.

भाषा बघा. मुंबईत इंग्रजी, हिंदी, मराठी अशा वेगवेगळ्या मीटिंगा आहेत. मराठी माणूस इंग्रजी मीटिंगला जाऊन बसतो, निम्मं कळत नाही, कळलं नाही हेही सांगत नाही, आणि घरी येऊन "तिथे काही दम नाही" म्हणतो. निदान पहिल्या चार मीटिंगा मराठीत किंवा हिंदीत करा. आपल्या आईशी कसं वागलो हे सांगायला आपलीच भाषा लागते.

बऱ्याच मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये असतात. त्यावरून "हे ख्रिश्चनांचं काहीतरी आहे, धर्म बदलायला लावतील" ही शंका आपल्याकडे फार. हॉल मिळतो म्हणून तिथे बसतात, महापालिकेच्या शाळेचा वर्ग मिळाला तर तिथे बसतात. ए.ए. कुठल्याही धर्माशी, पंथाशी, पक्षाशी जोडलेली नाही. देवाचा उल्लेख होतो, पण "ज्याला जसा समजला तसा" अशा शब्दांत. मी स्वतः देव फारसा न मानणारा. त्या वाक्याच्या वेळी खिडकीबाहेर बघतो, आजवर कुणी हटकलं नाही.

स्त्रियांसाठी वेगळ्या मीटिंगा असतात. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने जाणं जड वाटत असेल तर चौकशी करतानाच त्यांच्याबद्दल विचारा.

ए.ए. सोडूनही वाटा आहेत. वांद्र्याला माउंट कार्मेल चर्चच्या आवारातून कृपा फाउंडेशन १९८१ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात किंवा दुसऱ्या केंद्रात राहून आलेल्यांनी तिथून निघायच्या आधीच आपल्या भागातल्या पाठपुराव्याच्या बैठकीबद्दल विचारून घ्यावं. घरी आल्यावर ते राहून जातं.

## ३. यादी आणि खात्रीचा फोन

ए.ए.च्या भारतातल्या जनरल सर्व्हिस ऑफिसच्या संकेतस्थळावर शहरानुसार मीटिंगांची माहिती मिळते. कार्यालय मुंबईतच आहे. नेट वापरायचं नसेल तर रुग्णालयातल्या समाजसेविकेला किंवा व्यसनमुक्तीच्या ओपीडीत विचारा. त्यांच्याकडे बहुधा चालू नंबर असतात. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची टोल-फ्री हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे सरकारच्याच मानसिक आरोग्याच्या फोनसेवेची. रात्री जीव घाबरा झाला, कुणाशी बोलावंसं वाटलं, तर १४४१६ लावा.

यादी मिळाली की लोक थेट निघतात. इथेच फसगत होते. शाळेचा वर्ग मे महिन्याच्या सुट्टीत मिळत नाही, निवडणुकीत शाळेचं मतदान केंद्र होतं, गणपतीत हॉल मंडळाकडे जातो, धो धो पावसात मीटिंग रद्द होते, कधी ग्रुपच जागा बदलतो आणि यादीत जुना पत्ता तसाच राहतो. आधी फोन करा. काय बोलायचं सुचत नाही म्हणून फोन राहतो, तर हे वाचून दाखवा:

"नमस्कार, मला मीटिंगला यायचंय, पहिलीच वेळ आहे. आज मीटिंग नक्की आहे ना? ओपन आहे की क्लोज्ड? कुठल्या भाषेत? गेटमधून आत आल्यावर कुठे वळायचं, कितवा मजला? कुणी खाली भेटेल का?"

शेवटचा प्रश्न सोडू नका. खाली भेटेल का असं विचारलं की पलीकडचा माणूस बहुतेक वेळा स्वतःच खाली येऊन थांबतो. तोही कधीतरी त्याच फाटकाशी उभा होता. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, फक्त ट्रूकॉलरवर ते दिसू शकतं एवढं ध्यानात असू द्या.

फोन उचलला नाही तर? पलीकडे रिसेप्शनिस्ट नाही, तोही नोकरी करणारा माणूस आहे, लोकलमध्ये लटकत असेल. मेसेज टाका आणि यादीतला दुसरा नंबर लावा.

तपासा: चिठ्ठीवर पाच गोष्टी आल्या का: पूर्व की पश्चिम, जवळची खूण, मजला, वेळ, एक नंबर. रस्त्याचं कागदोपत्री नाव रिक्षावाल्याला माहीत नसतं. खूणच कामाला येते.

## ४. वेळ आणि रस्ता

या टप्प्यावर मी मुद्दाम जास्त लिहितोय, कारण मुंबईत सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात.

आपली पिण्याची वेळ लिहून काढा. बहुतेक नोकरदारांची ती ऑफिस सुटल्यापासून घरचं दार वाजवेपर्यंतची असते. दीड तास, फार तर दोन. "चल, बसू" हे त्याच वेळात ठरतं. मीटिंगा बऱ्याचदा संध्याकाळी सात-साडेसातच्या आसपास असतात आणि तास-दीड तास चालतात, म्हणजे बसण्याच्या वेळेवर बरोबर बसतात. म्हणून घराजवळची मीटिंग सोयीची वाटली तरी ऑफिस आणि घराच्या मध्ये, आपल्याच लाइनवर असलेली निवडा. घरी जाऊन, पाय धुऊन, जेवून मग परत निघू असं म्हणणारा निघत नाही.

घराजवळची नको म्हणणारे दुसरं कारण देतात: ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटू द्या. तो तिथे का आलाय हे तुम्हाला कळलं, तुम्ही का आलात हे त्याला. दोघांचं तोंड बंद. तरी संकोच जातच नसेल तर सुरुवातीला दोन-तीन स्टेशनं सोडून जा. मात्र डोंबिवलीत राहून वांद्र्याची मीटिंग धरू नका. पहिल्या पावसात ती सुटेल.

आता स्टेशनबाहेरचा रस्ता. माझ्या स्टेशनवर चर्चगेटकडच्या पुलावरून उतरलं की समोरच वाइन शॉप, त्याला लागून चणे-शेंगदाण्याची गाडी. अकरा वर्षं त्या गाडीवाल्याने मला बघितलं की न विचारता पुडी बांधली. मीटिंगला जायला लागलो तेव्हा मी विरारकडच्या टोकाच्या डब्यात चढायला लागलो, म्हणजे उतरताना विरारकडचा पूल जवळ पडतो. चार मिनिटं जास्त चालावं लागतं. हे हास्यास्पद वाटेल, पण माझ्या ग्रुपमधल्या निदान पाच जणांनी आपला डबा बदललेला आहे. तुमच्या रस्त्यात दुकान कुठे आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दुसरा पूल, दुसरा जिना, दुसरी गल्ली आधीच बघून ठेवा. सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुकान बंद असताना, एकदा चालून या आणि मीटिंगचं फाटक डोळ्यांखालून घाला.

सावध: रविवारची मीटिंग असेल तर मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते शनिवारीच बघा. "गाडीच नव्हती" हे कारण खरं असलं तरी त्या रविवारी संध्याकाळी काय झालं ते तुम्हालाच माहीत असतं.

## ५. त्या दिवशी

दुपारी नीट जेवा आणि पाच-सहाच्या सुमारास काहीतरी खा. वडापाव, केळं, काहीही. रिकाम्या पोटी तलफ आणि भूक यांत फरक कळत नाही. ए.ए.मध्ये यासाठी चार गोष्टी घोकून घेतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. मुंबईच्या संध्याकाळी या चारही एकाच डब्यात भेटतात, म्हणून जिच्यावर लगेच उपाय आहे तिचा करून टाका.

खिशात शंभर-दोनशे रुपयांच्या वर ठेवू नका. मोबाइलवरून पैसे जातात हे मान्य, तरी तेवढाच एक अडसर.

घरी काय सांगायचं? खरं सांगता येत असेल तर "मीटिंगला जाऊन साडेनऊपर्यंत येतो" एवढंच. मोठ्या शपथा, मुलांच्या डोक्यावर हात, देवासमोर नारळ, यातलं काही करू नका. घरच्यांनी ते सगळं आधी बघितलेलं असतं. सांगायची हिंमत नसेल तर "उशीर होईल" म्हणा, पण ओव्हरटाइमची गोष्ट रचू नका. पगाराच्या दिवशी ती उघडी पडते आणि खरंच मीटिंगला गेला होतात यावर मग कोणी विश्वास ठेवत नाही.

दुपारीच प्यायलात तर? तरी जा. प्यायलेल्या माणसालाही बसायला जागा देतात. मागे बसा, ऐका, त्या दिवशी बोलू नका, आणि गाडी किंवा बाइक अजिबात चालवू नका. "आज घेतलीय, उद्या साफ होऊन जातो" या वाक्यात मी स्वतः किती महिने घालवले ते मोजलेलं नाही.

तपासा: मोबाइल चार्ज आहे का, चिठ्ठी खिशात आहे का, निघायच्या तासभर आधी खात्रीचा मेसेज गेला का. दहा मिनिटं आधी पोचा. उशिरा आलेला माणूस बंद दार बघतो आणि ढकलत नाही.

## ६. खोलीत काय होतं

गेटवर वॉचमनला "ए.ए. कुठे?" म्हणायला जीभ रेटत नसेल तर "संध्याकाळची मीटिंग कुठल्या मजल्यावर?" असं विचारा. तो न बघता बोट दाखवतो. रोज बघतो बिचारा.

आत एक वर्ग. दुसरी-तिसरीच्या पोरांचे बाक किंवा प्लास्टिकच्या खुर्च्या, फळ्यावर अर्धवट पुसलेला सकाळचा पाढा, टेबलावर काही पुस्तकं, एखादं बॅनर. दहा-पंधरा माणसं, कधी पाच, कधी चाळीस. दिसायला कुणीही दारुडा वाटत नाही, हा पहिला धक्का. बँकेतला माणूस, रिक्षाचालक, निवृत्त शिक्षक, टाय लावलेला तरुण. नाव विचारतील, फक्त पहिलं सांगा. आडनाव, कंपनी, कुठल्या चाळीत किंवा सोसायटीत राहता हे कुणी विचारू नये आणि विचारलं तर सांगू नये. फॉर्म नाही, फी नाही.

क्रम ग्रुपगणिक थोडा बदलतो. सुरुवातीला थोडी शांतता किंवा प्रार्थना, मग ए.ए. म्हणजे काय याचं छोटं वाचन, कधी बारा पायऱ्यांचं, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या ए.ए.च्या बारा टप्प्यांचं, वाचन. त्यानंतर मीटिंग चालवणारा एकेकाला बोलायला सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. माणूस स्वतःबद्दल बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, "माझ्याशी पण असंच झालं" म्हणत त्याच्या बोलण्यावर स्वार व्हायचं नाही. मुंबईकराला हे सगळ्यात अवघड जातं.

मध्येच एक पिशवी किंवा डबा फिरतो. ए.ए. बाहेरून देणग्या घेत नाही. जागेचं भाडं, चहा, पुस्तकं हे सदस्यांच्या पैशातून भागतं. नवीन आलेल्याने टाकायलाच हवेत असं नाही. दहा-वीसची नोट टाकलीत तर पुरे. पाचशेची टाकून सुटका करून घेणारेही बघितलेत.

काही ग्रुप २४ तास, महिना, तीन महिने, वर्ष अशा टप्प्यांवर मेडल देतात, टाळ्या वाजतात. पहिल्या दिवशी ते जरा शाळकरी वाटतं. शेवटी उभं राहून, बऱ्याचदा हात धरून, प्रार्थना. म्हणायची नसेल तर नुसते उभे राहा.

## ७. बोलायची पाळी आली तर

"मी अमुक. पहिल्यांदा आलोय. आज ऐकतो." संपलं. एवढ्यावर कुणीही जबरदस्ती करत नाही.

बोलावंसं वाटलं तर दोन-तीन मिनिटांत आवरा आणि काल-आजचं बोला. पहिल्या दिवशी लोक एकतर लहानपणापासून सुरुवात करतात, नाहीतर बायकोची तक्रार मांडतात. खोलीतल्या प्रत्येकाने आपल्या बायकोची तक्रार आधीच मांडून झालेली आहे. कुठलं कोर्टप्रकरण किंवा कंपनीतला घोळ असेल तर तो तपशील सगळ्यांसमोर सांगू नका. इथलं बाहेर जात नाही ही रीत आहे, पण अनोळखी खोलीत पहिल्याच दिवशी सगळे पत्ते टाकायची गरजही नाही.

"मी अल्कोहोलिक आहे" हे शब्द तोंडातून निघाले नाहीत तरी बिघडत नाही.

## ८. नंतरची दहा मिनिटं

प्रार्थना संपली की नवा माणूस चप्पल शोधतो आणि जिना उतरतो. थांबा. चहा घ्या. या दहा मिनिटांत तीन नंबर मिळवायचे आहेत, त्यासाठीच तर इतका प्रवास केला. पुरुषांनी पुरुषांचे, स्त्रियांनी स्त्रियांचे. ज्याचं बोलणं आपल्यासारखं वाटलं त्याला म्हणा, "तुमचा नंबर मिळेल का, कधी फोन करू?" रात्री अकराला चालेल का हेही विचारा; कित्येकांना चालतं.

नंबर सेव्ह करताना नावापुढे "ए.ए." लावू नका. फोन ऑफिसच्या टेबलावर वाजला की चार जण वाचतात. त्या माणसाचंही नाव त्यात गुंतलेलं आहे. नुसतं पहिलं नाव आणि स्टेशन पुरतं. फोटो नाही, सेल्फी नाही, स्टेटस नाही.

त्याच रात्री त्यातल्या एकाला फोन करा, काही काम नसताना. "घरी पोचलो" एवढंच सांगा. तलफ आल्यावर पहिल्यांदा फोन लावणं फार जड जातं. आधी एकदा बोलणं झालेलं असलं की बोट आपोआप जातं.

सावध: पहिल्या काही आठवड्यांत कुणी पैसे मागितले, धंद्यात भागीदारी सुचवली, विमा विकायला घेतला किंवा स्त्रियांशी नको तितकी सलगी दाखवली, तर दूर व्हा आणि ग्रुपमधल्या जुन्या माणसाला सांगा. खोलीत आजारी माणसंच येतात, सगळी बरी झालेली नसतात. तसंच, मानसोपचाराच्या गोळ्या बंद कर असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ए.ए.चीही भूमिका हीच आहे की सदस्यांनी डॉक्टर होऊ नये. गोळी बंद करायची की नाही हे ज्याने लिहून दिली त्याला विचारा.

## ९. पहिला महिना

एका मीटिंगवरून मत बनवू नका. तीन वेगवेगळ्या ग्रुपांत दोनदा-दोनदा जाऊन या. एका ठिकाणी नुसतं वाचन असतं, दुसरीकडे हसणं-खिदळणं जास्त, तिसरीकडे एकच गृहस्थ रोज वीस मिनिटं घेतात. जिथे परत जावंसं वाटलं तो तुमचा होम ग्रुप.

९० दिवसांत ९० मीटिंगा करा असा सल्ला ए.ए.मध्ये देतात. ज्याला जमेल त्याने जरूर करावं. दोन तास लोकलमध्ये घालवणाऱ्याला मी आठवड्याला चार सांगतो, त्यातल्या दोन ठरलेल्या वारी, ठरलेल्या ठिकाणी, आणि शनिवारची चुकवायची नाही. उरलेल्या दिवशी ऑनलाइन मीटिंग चालते, मात्र फक्त ऑनलाइनवर राहू नका. कॅमेरा बंद करून हातात ग्लास धरता येतो; हे मला कुणी सांगायची गरज नाही.

खुर्च्या मांडायचं काम मागून घ्या. शाळेतले बाक सरकवायचे, चहाचे कप गोळा करायचे. कारण व्यवहारी आहे: काम अंगावर असलं की वीस मिनिटं आधी जावं लागतं आणि न गेल्यास कुणाचा तरी फोन येतो.

स्पॉन्सर, म्हणजे बारा पायऱ्या समजावून देणारा जुना सदस्य, शोधायची घाई पहिल्या आठवड्यात नको. महिनाभर ऐका, मग विचारा. नाही म्हणाला तर राग मानू नका, त्याच्याकडे आधीच तिघे-चौघे असतील.

कॅलेंडर समोर घ्या आणि धोक्याच्या तारखांवर खूण करा: गटारी, होळी, ३१ डिसेंबर, ऑफिसची पार्टी, मित्राची हळद, पगाराचा दिवस. त्या प्रत्येक दिवशी संध्याकाळी कुठे असणार हे आधी लिहून ठेवा. हळदीला जायलाच लागलं तर सातला जाऊन आठला निघा. नऊनंतर मागच्या गच्चीवर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

## १०. घसरलात तर

स्लिप झाली की माणूस मीटिंग टाळतो. मेडल घेतलेलं असतं, टाळ्या वाजलेल्या असतात, आता कुठल्या तोंडाने जायचं? याच तोंडाने. दुसऱ्या दिवशी जा आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका: "परवा प्यायलो." कुणी ओरडत नाही. त्या खोलीत हे वाक्य नवीन नसतं.

मात्र घसरगुंडी चार-पाच दिवस चालली असेल तर पुन्हा टप्पा १. थरथर तपासा, डॉक्टरकडे जा. मागच्या वेळी घरी थांबवलं आणि काही झालं नाही, म्हणून याही वेळी होणार नाही असं नसतं.

मग बसून कागदावर लिहा: कुठल्या वेळी, कुठल्या रस्त्यावर, कोण बरोबर, पोटात काय होतं. "टेन्शन होतं" असं लिहू नका. "६:४०, जुना पूल, डबा खाल्ला नव्हता" असं लिहा.

## घरच्यांसाठी, वेगळं

दारू सोडवणारं औषध, म्हणजे डायसल्फिरामसारखी गोळी, चहात किंवा भाजीत गुपचूप मिसळायची पद्धत आपल्याकडे अजून चालते. कृपा करून करू नका. डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लालभडक होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो. हे औषध घेणाऱ्याला माहीत असताना, त्याच्या मर्जीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

त्याला ओढत मीटिंगला नेऊन बसवलंत तर तो बसेल आणि तुमच्यावर डूख धरेल. "आज गेलास का, काय बोललास, कोण कोण होतं?" हेही नको. काय बोललं गेलं ते घरी सांगायचं नसतं. साडेआठला मीटिंग संपते आणि सव्वानऊला तो घरी येतो, एवढं जमलं की जेवण गरम करून वाढा, चौकशी उद्यावर टाका. त्या पाऊण तासात चहा आणि फोन नंबर असतात.

तुमच्यासाठी अल-ॲनॉन आहे, पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या स्वतंत्र मीटिंगा. तिथे जायला घरातल्या माणसाने दारू सोडलेली असायची अट नाही, त्याची परवानगीही लागत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या वहिनी, आई, बहिणी मला फोन करून विचारतात, "तिथे आम्ही काय बोलायचं?" त्यांच्यासाठीही तेच: चिठ्ठीवर मजला लिहून घ्या, संध्याकाळी काहीतरी खाऊन निघा, दहा मिनिटं आधी पोचा, आणि फोनवर कुणी खाली भेटेल का ते विचारा.